आबांच्या पायाचा अंगठा काळा पडलाय : मेलेला भाग परत जिवंत होतो का?

काळी माती

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचे आबा ६४ वर्षांचे. शेती बार्शी तालुक्यात, ज्वारी, तूर आणि थोडा कांदा. साखर बरीच वर्षं आहे, पण गोळीचा नेम कधीच नव्हता. बिडीही आहे. अलीकडे तळपाय बधिर झालेत. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि त्यांना कळत नाही, मागून आई हाक मारते तेव्हा समजतं.

थंडीत पाय गार पडतात म्हणून आईने वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक दिला. दुसऱ्या दिवशी उजव्या अंगठ्यावर मोठा फोड. तो फुटला, खालची कातडी जांभळी दिसायला लागली, आणि मग हळूहळू टोक काळं पडत गेलं. आता नखापासून पहिल्या पेरापर्यंत काळं, कडक आणि वाळलेलं आहे. वास नाही, पू नाही, ताप नाही. दुखत तर अजिबात नाही, म्हणून आबांचं एकच पालुपद : मला काही झालेलं नाही, उगाच पैसे घालवू नका.

सोलापुरात सर्जनना दाखवलं. त्यांनी पायाचा डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफीसारखी तपासणी) केला, गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद झाल्यात म्हणाले, व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनच्या नावाने चिठ्ठी दिली. अंगठ्याबद्दल म्हणाले, "कोरडा आहे, घाई नको. आधी रक्तपुरवठ्याचं बघू."

गावात मात्र जो तो वेगळं सांगतो. चुलते म्हणतात आजच्या आज कापून टाका, नाहीतर वर चढेल. मावशी हळद-तेल लावून बांधा म्हणते. भाऊजींनी कुठूनसं पेशी जिवंत करणारं टॉनिक आणलंय, बाटली महाग आहे. मला नेमकं काय चाललंय तेच समजून घ्यायचंय. काळं का पडलं? त्यातलं थोडं तरी परत येईल का? दुखत नाही हे चांगलं लक्षण धरायचं का? आणि डॉक्टर थांबायला सांगतात ते कशाच्या भरवशावर? दुसऱ्या पायाला मोठी भोवरी आहे, ती आबा ब्लेडने तासतात, त्याचंही सांगा.

पांढरी पट्टी

दादा, माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये गेली. कारणं डॉक्टर मंडळी सांगतीलच, मी आधी काय करू नका ते सांगते.

तेल नाही, हळद नाही, लिंबू नाही, गरम पाण्यात पाय बुडवणं नाही. कोरडा अंगठा कोरडाच राहिला पाहिजे. बोटांच्या मधे कोरडं गॉज ठेवा, सैल गुंडाळा, चिकटपट्टी कातडीला लावू नका. शेक तर पुन्हा कधीच नाही, ना विटेचा, ना रबरी पिशवीचा, ना शेगडीचा. आबांचं ब्लेड आजच काढून घ्या. मेडिकलमध्ये भोवरीच्या औषधी पट्ट्या मिळतात, त्याही लावू नका. त्यांत सॅलिसिलिक ॲसिड असतं, बधिर पायाची चांगली कातडीसुद्धा ते खाऊन टाकतं.

रोज सकाळी एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काळ्याच्या कडेला ओल आली, वास यायला लागला, नवा फोड आला, लाली पावलावर चढली, पाऊल सुजलं, ताप किंवा थंडी वाजली, किंवा खाण्यात बदल नसताना साखर एकदम वाढली, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. रात्र असली तरी गाडी काढायची. कातडीवर बोट दाबल्यावर आत करकर लागली तर मिनिटभरही थांबू नका. आत वायू तयार करणारे जंतू असतात आणि ते तासागणिक पसरतात.

आईला बोल लावू नका. असे भाजलेले पाय मी दर थंडीत बांधलेत, आणि शेक देणारं माणूस प्रत्येक वेळी मायेचंच होतं.

सूक्ष्मदर्शी

सिस्टरांनी लिहिलेला शब्द न् शब्द पाळा.

मी पॅथॉलॉजीची डॉक्टर. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलं, आता निवृत्त आहे. शस्त्रक्रियेत काढलेली बोटं, पंजे, कधी गुडघ्याखालचा अख्खा पाय, फॉर्मेलिनच्या (ऊती सडू न देणाऱ्या द्रवाच्या) डब्यातून आमच्या ग्रॉसिंगच्या, म्हणजे कापून तपासायच्या टेबलावर यायचं. तिथे उभं राहून जे पाहिलं त्यावरून लिहिते. उपचार ठरवणं तुमच्या सर्जनचं काम, आणि त्यांनी जे सांगितलंय ते मला पूर्ण पटतं.

काळा झालेला भाग परत जिवंत होत नाही. कुठल्याच बाटलीने नाही. ती परत करा आणि ते पैसे प्रवासाला ठेवा.

पण पेशी एका क्षणात मरत नाही, आणि तुमच्या सर्जनचं थांबणं याच गोष्टीवर उभं आहे. धमनी अरुंद झाली की पेशीला ऑक्सिजन कमी पडतो आणि तिची ऊर्जा तयार होणं मंदावतं. या ऊर्जेचा मोठा वाटा एकाच कामावर खर्च होत असतो : आत शिरणारं सोडियम सतत बाहेर फेकणं. तुम्ही शेतकरी आहात, विहिरीचं खोदकाम पाहिलं असेल. तळाला झरे लागलेले असतात आणि मोटर चालू आहे तोवरच माणसं खाली उतरून काम करू शकतात. वीज गेली की पाणी चढायला लागतं. पेशीचंही तसंच होतं. सोडियम आत साचतं, त्यामागून पाणी शिरतं आणि पेशी फुगते. या टप्प्यावर रक्त परत मिळालं तर पेशी सावरते. सूज उतरते आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तिला कधी इजा झाली होती हे ओळखूही येत नाही.

ऊर्जेचा तुटवडा लांबला की गाडी कॅल्शियमवर येते. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं, आणि हा फरक टिकवायलाही ऊर्जाच लागते. ती संपली की कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीची स्वतःचीच पाचक द्रव्यं जागी होतात. ती पेशीचं आवरण आणि ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची पटलं कुरतडतात. आवरण फाटलं की खेळ संपला. त्यानंतर कितीही रक्त आणून ओतलं तरी ती पेशी उठत नाही.

ही वेळ प्रत्येक ऊतीची निराळी. मेंदूच्या पेशींना रक्त पूर्ण थांबल्यावर काही मिनिटंच मिळतात. हृदयाच्या स्नायूला साधारण २० ते ४० मिनिटं, पायाच्या स्नायूला चार ते सहा तास, कातडीला त्याहून जास्त. आबांच्या धमन्या मात्र एका झटक्यात बंद झालेल्या नाहीत, वर्षानुवर्षं हळूहळू आवळत आल्यात. त्यामुळे तिथल्या पेशी कमी रक्तात भागवायला शिकल्या होत्या. त्यांच्या पायावरचे केस गेलेत का बघा. कातडी चकचकीत आणि पातळ, नखं जाड, पोटरी बारीक? पेशी स्वतःला लहान करते, गरजा कमी करते, आपलेच जुने भाग मोडून त्यांतून गुजराण करते. स्वतःचे भाग मोडून वापरण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. या काटकसरीवर पाय बराच काळ तगतो, पण हाताशी शिल्लक काही राहत नाही.

अशा पायाला शेक मिळाला की दुहेरी मार बसतो. एक तर बधिरपणामुळे चटका कळत नाही. दुसरं असं की ऊब मिळाली की पेशींचं काम वाढतं, ऑक्सिजनची मागणी वाढते. धडधाकट पायात त्याच वेळी रक्तवाहिन्या रुंद होऊन जास्त रक्त येतं. आबांच्या पायात मागणी वाढली आणि पुरवठा होता तिथेच राहिला.

आता काळा रंग. मेलेल्या भागातल्या तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर पडतं, त्यातलं लोह आणि जंतूंनी तयार केलेला हायड्रोजन सल्फाइड वायू मिळून काळं आयर्न सल्फाइड बनतं. म्हणजे काळा रंग हा मरणानंतरचा हिशेब आहे. मरण त्याच्या बरंच आधी, जांभळ्या रंगाच्या दिवसांत घडून गेलं.

असा कोरडा अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहणारे विद्यार्थी चक्रावतात. पेशींचे आकार बरेचसे जागच्या जागी असतात, कातडीचे थर ओळखू येतात, घामाच्या ग्रंथीसुद्धा. फक्त सगळं एकसारखं गुलाबी, आणि केंद्रकं नाहीत. आधी केंद्रक आकसून गडद होतं, मग त्याचे तुकडे होतात किंवा ते विरघळून जातं. प्रथिनं गोठलेली असतात म्हणून साचा काही काळ टिकतो. ओल नसली की जंतूंनाही फारसं काही करता येत नाही, म्हणून वास नाही. हाच भाग ओला झाला, त्यात जंतू माजले, की साचा वितळतो, पू होतो, विष रक्तात जातं. कोरड्यासाठी आठवडे थांबता येतं, ओल्यासाठी तास मोजावे लागतात. सिस्टर ओलीवर एवढा जोर देतात तो यासाठी.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. सगळं घर त्या काळ्या अंगठ्याकडे टक लावून बसलंय, पण वाचवायचं जे आहे ते त्याच्या शेजारी आहे. काळं संपतं आणि चांगली कातडी सुरू होते तिथे एक लालसर पट्टा दिसेल, आज नसेल तर येत्या काही दिवसांत दिसेल. त्या पट्ट्यात जिवंत पेशी आहेत, जखमी पेशी आहेत आणि काठावरच्या पेशी आहेत. पांढऱ्या पेशी तिथे आधी पोचतात. त्यांच्या मागून मॅक्रोफेज येतात, मेलेलं खाऊन जागा साफ करतात आणि दुरुस्तीला लागणाऱ्या पेशींना बोलावतात. मग बारीक रक्तवाहिन्यांचे कोंब फुटतात आणि लाल, दाणेदार मांस भरायला लागतं. शरीर आपल्या हाताने मेलेलं आणि जिवंत यांच्यात सीमा आखतं. ती पक्की होईपर्यंत सर्जनलाही नेमकं सांगता येत नाही की अंगठा पेरावर काढावा लागेल की त्याच्या मागे.

चुलत्यांचा धसका मला कळतो. पण न कापलेल्या कातडीला नुसतं जिवंत राहायला जेवढं रक्त पुरतं, त्याच्या कितीतरी पट रक्त कापलेली जखम भरायला लागतं. धमनीचं काही न करता आज अंगठा काढला तर टाक्यांच्या कडा काळ्या पडतील. मग पंजा, मग घोटा, मग गुडघ्याखाली. दर खेपेला आधीच्या खेपेची कड काळी पडलेली, असे एकाच माणसाचे तुकडे मी टेबलावर पाहिले आहेत. चुलते ज्याला वर चढणं म्हणतात ते पुष्कळदा रक्ताचं न बघता घाईने कापल्यामुळेच होतं. जंतुसंसर्ग उसळला तर गोष्ट वेगळी, तेव्हा जीव वाचवायला ताबडतोब कापावं लागतं. आज तुमच्याकडे ती वेळ नाही, म्हणून व्हॅस्क्युलर सर्जनची तारीख लवकरात लवकर घ्या.

तिथे एक विचारा. दंडाच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाची तुलना करून पायाचं रक्त मोजतात, पण साखरेच्या रुग्णांत धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक होते. रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने ती दबत नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. त्यामुळे बोटाचा रक्तदाब मोजता येईल का, असं जरूर विचारा.

दुखत नाही हे चांगलं लक्षण नाही. आबांच्या पायाच्या, वेदना कळवणाऱ्या नसाच आधी गेल्यात. इतका अंगठा मेला तर माणूस रात्ररात्र ओरडतो. आबांना शांत झोप लागतेय याचा अर्थ पायाकडून खबर येणंच थांबलंय.

भोवरीचंही याच अंगाने बघा. दाब पडला की कातडी जाड होते, जगायचं म्हणून केलेली ती तडजोडच आहे. शेतात अनवाणी फिरणाऱ्याला ती उपयोगाची. पण बधिर पायात जाड कातडीचा तो गड्डाच खालच्या मऊ ऊतीवर दाबत राहतो, आत रक्तस्राव होतो, पोकळी होते, आणि वरून सगळं टणक दिसतं. भोवरीत काळपट ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय असं समजा. ती तासायची, पण पाय तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातून.

काळी माती

मॅडम, सिस्टर, काय बोलू. काल रात्री हे सगळं आबांना वाचून दाखवलं. चुलतेही होते. विहिरीचं उदाहरण ऐकून चुलते गप्प झाले, पुढच्या आठवड्यात गाडी मीच काढतो म्हणाले. ब्लेड आईने चुलीत टाकलं. पायावर केस खरंच नाहीत, आम्ही ते वयामुळे समजत होतो.

पुतणी बारावी सायन्सला आहे. ती विचारते, पेशींचं ठरवून मरणं असतं असं तिने वाचलंय. अंगठ्यात झालं ते तेच का?

सूक्ष्मदर्शी

पुतणीला शाबासकी सांगा. नाही, ते आणि हे वेगळं. मात्र त्या लाल पट्ट्यात दोन्ही सापडतात.

१९६० च्या दशकात जॉन केर नावाचे ऑस्ट्रेलियन पॅथॉलॉजिस्ट उंदराच्या यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेची एक फांदी बांधून काय होतं ते पाहत होते. रक्त फारच कमी पडलेल्या जागी पेशी घोळक्याने फुगून, फुटून मेल्या, ते अपेक्षितच होतं. पण थोडं बरं रक्त मिळणाऱ्या भागात एखाददुसरी सुटी पेशी आकसत होती, तिचे आवरणासकट नीटस तुकडे होत होते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकत होत्या. सूज नाही, पू नाही. पुढे १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी ॲपॉप्टोसिस या नावाने ते मांडलं. गर्भात हाताची बोटं सुटी होतात ती मधल्या पडद्यातल्या पेशी अशा मरतात म्हणून. एका सूक्ष्म कृमीच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात, दर कृमीत त्याच. त्यामागची जनुकं शोधणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

या मरणाला ऊर्जा लागते, हे तिने पक्कं लक्षात ठेवावं. अंगठ्याच्या टोकाच्या पेशींकडे ती उरलीच नव्हती, त्या फुगून फुटल्या. फुटलेल्या पेशीतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला दाह सुरू होतो. पट्ट्यातल्या अर्धवट जखमी पेशींकडे थोडी ऊर्जा शिल्लक असते, त्यांतल्या काही शिस्तीने मरतात आणि शेजाऱ्यांना त्रास देत नाहीत. इजा तीच, पण पेशीच्या हातात किती शिल्लक आहे त्यावर तिचं मरण ठरतं.

स्टिअरिंग

मी एसटीत ड्रायव्हर होतो. जुन्या गाडीचं इंजिन शेजारीच, बॉनेट तापलेलं असायचं. साखरेने पाय बधिर झालेले, त्यामुळे डाव्या पावलाला कडेने भाजलं ते घरी मोजा काढताना दिसलं, मोज्याला पाणी लागलं होतं म्हणून. पुढे करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं.

माझी आधी अँजिओप्लास्टी झाली, पोटरीतल्या धमनीत फुगा घालून. बोटं नंतर काढली आणि जखम भरली. काळी माती, तुमच्या आबांना सांगा, दोन बोटांशिवाय मी बाजारात चालत जातो, देवदर्शनाला जातो. बिडी मीही ओढायचो. बिडी सोडल्याशिवाय फुग्याचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

मॅडमना विचारायचंय. फुगा घातल्यावर पाऊल गरम झालं, गुलाबी झालं, पण नंतर बरेच दिवस सुजलेलं होतं. रक्त आलं तर बरं वाटायला हवं, मग सूज कशाने? आणि जखमेची जागा आजही चकचकीत दिसते, ती कधी पहिल्यासारखी होईल का?

सूक्ष्मदर्शी

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत.

बरेच दिवस उपाशी राहिलेल्या ऊतीत रक्त परत आलं की त्याबरोबर ऑक्सिजन येतो. जखमी मायटोकॉन्ड्रियांना तो नीट वापरता येत नाही आणि त्यातून विध्वंसक रेणू तयार होतात. कॅल्शियमचा नवा लोंढा येतो, पांढऱ्या पेशीही मोठ्या संख्येने येतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती आधीच पाझरत्या असतात, त्यातून पाणी बाहेर येतं आणि सूज दिसते. काठावरच्या काही पेशी या धक्क्याने मरतातही, पण त्या बदल्यात उरलेला पाय वाचतो. काही दिवसांची मऊ सूज अपेक्षित असते. पोटरी दगडासारखी टणक झाली आणि सहन न होणारी कळ आली तर मात्र लगेच डॉक्टरांना बोलवायचं. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून आलेलं रक्त पुन्हा अडू शकतं. आबांना नसा गेल्यामुळे कळ जाणवणार नाही, म्हणून घरच्यांनी हाताने पोटरी चाचपून बघायची.

व्रण पहिल्यासारखा होत नाही. भरलेल्या जागी मूळ कातडी परत येत नाही, तिथे कोलॅजनच्या धाग्यांची ठिगळवजा ऊती येते. पहिल्या आठवड्याअखेर ती मूळ कातडीच्या साधारण दहा टक्के मजबूत असते, तीन महिन्यांत ७० ते ८० टक्क्यांवर पोचते आणि तिथेच थांबते. तिथे केस येत नाहीत, घाम येत नाही. म्हणून जखम भरली तरी ती जागा आयुष्यभर जपायची. आहारात प्रथिनं हवीत आणि क जीवनसत्त्व हवं, त्याशिवाय कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जात नाहीत. डाळ, अंडी, पेरू, आवळा. साखरेच्या पथ्यात राहून हे सगळं बसतं.

पांढरी पट्टी

स्टिअरिंग दादा, तुमच्यासारखी माणसं बोलली की दहा डॉक्टरांचं काम होतं.

आमच्या ट्यूटर मॅडम कुष्ठरुग्णांच्या सेवेतून आलेल्या होत्या, त्या पॉल ब्रँड यांच्याबद्दल नेहमी सांगायच्या. जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या पोटी, १९१४ सालचा. इंग्लंडात डॉक्टर होऊन १९४६ ला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं रोगानेच झडतात असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. ब्रँडनी हात-पाय बारकाईने तपासले आणि दाखवून दिलं की संवेदना गेलेल्या हाता-पायाला रोज होणाऱ्या भाजण्या-कापण्याने आणि दाबाने ती झिजतात, आणि ते टाळता येतं. पायाला प्लास्टर घालून दाब वाटून दिला की वर्षानुवर्षं न भरलेले व्रण भरायचे. पुढे १९६६ ला ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले, आणि तीच समज साखरेच्या पायांसाठी कामी आली. एमसीआरचा (बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा) तळ असलेल्या चपला आधी कुष्ठरुग्णांसाठीच होत्या, आज मी साखरेच्या प्रत्येक पेशंटला त्या घ्यायला सांगते.

काळी माती, डाव्या पायासाठी आत्ताच तशी चप्पल बनवून घ्या. मागे पट्टा असलेली, म्हणजे निसटणार नाही. अंगठ्यात अडकवायची नको. आणि रोज संध्याकाळी तळपाय बघायचा. आबांना वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर पुतणीला बघू द्या. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. खडा, खिळा, बाभळीचा काटा, सगळं निघतं.

काळी माती

खबर देतो. व्हॅस्क्युलर सर्जननी बोटाचा रक्तदाब मोजला. घोट्याचा आकडा चांगला होता आणि बोटाचा कमी, अगदी मॅडम म्हणाल्या तसं. अँजिओप्लास्टी झाली. पाऊल सुजलं, पण आम्हाला आधीच माहीत होतं म्हणून कुणी घाबरलं नाही, आई दर तासाला पोटरी चाचपत होती. काळ्याच्या कडेला आता रेघ स्पष्ट दिसते, आणि तिच्या अलीकडे लाल मांस. बिडी बंद आहे, आबा चिडचिड करतात, करू दे. साखरेसाठी इन्सुलिन चालू केलंय.

परवा अंगठा काढणार आहेत. पंजा राहील म्हणाले. काही विचारायचं राहिलं असेल तर सांगा.

सूक्ष्मदर्शी

फार आनंद झाला. आबांना माझा नमस्कार सांगा.

एकच राहिलंय. काढलेला अंगठा तपासणीला जाईलच. त्याशिवाय पायात उरणाऱ्या हाडाच्या कडेचा छोटा तुकडा वेगळा पाठवतील का, ते सर्जनना विचारा. त्या कडेला जंतू आणि दाह नसेल तर प्रतिजैविकं थोडेच दिवस लागतात, असेल तर कित्येक आठवडे द्यावी लागतात. त्या तुकड्याचे दोन भाग करायचे. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीचा फॉर्मेलिनमध्ये, आणि कल्चरचा (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) निर्जंतुक डब्यात, फॉर्मेलिनशिवाय. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. घाईगर्दीत दोन्ही एकाच डब्यात गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून डबे तुमच्या हातात दिले तर वरची चिठ्ठी वाचून घ्या आणि कल्चरचा डबा आधी पोचवा. रिपोर्ट आले की इथे लिहा, मी वाचून समजावून सांगेन.